आबांच्या नावाची घागर

धुळ्याला मी शिक्षक होण्याचं शिक्षण घेत होतो तेव्हा दर चैत्रात आम्हा विद्यार्थ्यांची चित्रं संग्रहालयाच्या दालनात आठ दिवस मांडत. एरवी तिथं फुटक्या नाकांच्या मूर्ती आणि ताम्रपट. त्यांच्या शेजारी आमची चित्रं म्हणजे मोठाच मान. घरच्यांना बोलावणी जात. माझे वडील, आबा, हिवाळ्यात मुदतीच्या तापातून जेमतेम उठले होते, तरी एरंडोलकडच्या आमच्या गावाहून येतोच म्हणाले.

चित्रकलेचे मास्तर कोकणातले. "घरातली एखादी वस्तू रंगवा," म्हणाले. अक्षय्य तृतीया, म्हणजे आमची आखाजी, तोंडावर आलेली. कुंभारवाड्यात नव्या घागरींच्या रांगाच्या रांगा. मी एक आणली, पाणी भरलं, वर लहान मडकं ठेवलं, त्यावर खरबूज, बाजूला दोन आंबे. ओल्या मातीचा तो लाल रंग बघून मी खुळावलोच. तीन दिवस मान वर केली नाही. मास्तरांनी चित्र मधोमध टांगलं.

माझा खोलीतला सोबती शिरपूरकडचा. तो चित्रापुढं उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "तुना आबा शेतस ना रे अजून?"

आबा हयात आहेत ना, असं तो विचारत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडे आखाजीला अशी घागर भरतात ती गेलेल्या माणसासाठी, त्याचं नाव मोठ्यानं घेऊन. बाप जिवंत असलेला मुलगा त्या घागरीला हात लावत नाही. आणि माझ्या भरल्या घागरीखाली चिठ्ठी होती: माझं नाव, बापाचं नाव, गाव. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून एवढं कळू नये! मास्तरांना विनवलं, चित्र उतरवा. ते हसले. "अहो, रंगवलेली घागर आहे ती. पाणीसुद्धा रंगाचं."

आबा चाळीसगावला गाडी बदलून दुपारी पोचले. कोट अंगावर लोंबत होता, गळ्याची हाडं वर आली होती. मला त्यांच्याकडं बघवेना. त्यांना वाचता येत नव्हतं, हे घाबरगुंडीत मला आठवलंच नाही. पागोटं सारखं करत ते मूर्ती बघत होते, तेवढ्यात मी ती चिठ्ठी काढून खिशात कोंबली.

प्रमुख पाहुणे आले आणि मधल्या चित्रापाशी थांबले. "हे कुणाचं?" मास्तरांनी खाली पाहिलं तर चिठ्ठी नाही. त्यांनी शिपायाला दटावलं, यादी मागवली आणि मोठ्या अभिमानानं, दालनभर ऐकू जाईल अशा खड्या आवाजात माझं नाव, आबांचं नाव, गावाचं नाव वाचलं. भरल्या घागरीसमोर. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी खांबाला धरून उभा राहिलो. चिठ्ठी तिथंच राहू दिली असती तर आबांना कधी पत्ताही लागला नसता. मीच माझ्या अतिशहाणपणानं ते नाव मोठ्यानं घ्यायला लावलं होतं.

आबा घागरीकडं बघत राहिले. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार, आणि खरं सांगतो, बसावी असंच वाटत होतं. पण मास्तर कौतुक करू लागले तेव्हा आबा हसले, हात जोडले, "पोऱ्यानी मेहनत शे," म्हणाले. मग मला घेऊन बाहेर पायरीवर येऊन बसले. ऊन मी म्हणत होतं.

"आबा, मनी चूक व्हयनी," मी म्हणालो.

"चित्र शे ते. त्यामा काय!"

मला जरा धीर आला. माझ्या खांद्याचा आधार घेऊन ते उठायला गेले आणि परत खाली बसले.

"पन घागरनं तुनी मायले सांगू नको," ते खालच्या आवाजात म्हणाले.