पासष्टची फळी

तुमचं वजन किती? मनातल्या मनात नको. अनोळखी दुकानात, मागे तरुण पोरांची रांग उभी असताना, मोठ्याने सांगा. जमत नाही ना? मग हिला हसायच्या आधी पुढचं ऐका.

हिला सगळे तोफ म्हणतात. इस्पितळाच्या धुलाईखान्यात एकवीस वर्षं चादरी उपसणारी बाई. यंत्रं घरघरत असतानाही तिने हाक मारली की जिन्यावरचा माणूस दचकतो. बाईने पंचवीस किलोच्या वर गाठोडं उचलायचं नाही, असा तिथला नियम. आणि तिथला काटा लबाड. एकदा तिने गाठोडं नुसतं कडेवर घेतलं आणि मुकादमाला विचारलं, "साहेब, हे सत्तावीस आहे. काटा चोवीस दाखवतोय. खोटं कोण बोलतंय, मी की तो?" सगळं काम थांबलं. स्वयंपाकघरातून दुसरा काटा आला. सत्तावीस भरलं. त्या दिवसापासून मुकादम तिच्याकडे बघून बोलत नाही, भिंतीकडे बघून बोलतो.

या धुलाईखान्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो. वाफ पुसली की फळीवर उभी राहून लाटेवरून घसरत येणारी माणसं दिसतात. तोफेने ती वर्षानुवर्षं पाहिली. लहानपणापासून पोहता येत होतंच. सत्तेचाळिसाव्या वर्षी तिने जाहीर केलं, "मी पण उभी राहणार." जाहीर केलं म्हणजे धुलाईखान्याला कळलं, शेजारपाजाराला कळलं. आता मागे फिरली असती तर जन्मभराची थट्टा. नवरा बस चालवतो. तो म्हणाला, "दोन सीटची फळी मिळते का बघ."

सर्फबोर्डच्या दुकानात एक चुणचुणीत मुलगी होती. भिंतीवर तक्ता लावलेला: एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला फळीची लांबी.

"नवीन शिकताय ना काकू? मग लांब, जाड आणि मऊच घ्यायची. तुम्हाला पाण्यावर धरेल अशी. वजन किती?"

'किती' हा शब्द दुकानभर घुमला. मागे चार पोरं, केसांतून पाणी गळतंय, पोटं पाठीला टेकलेली. तोफेने तक्ता वाचला. ऐंशी ते नव्वदच्या ओळीत नऊ फूट, म्हणजे कोपऱ्यात उभं असलेलं ते लाल धूड. तिचं वजन चौऱ्याऐंशी.

"पासष्ट," ती म्हणाली. आवाज तिचा वाटलाच नाही.

मुलीने एकदा वर बघितलं. पण गिऱ्हाइकाला खोटं कसं पाडायचं? तिने साडेसात फुटी पिवळी काढून दिली. "ओरखडा पाडू नका, रविवारी संध्याकाळपर्यंत बदलून मिळेल."

शनिवारी सकाळी तोफ पाण्यात उतरली. पोटावर झोपली तशी फळी खाली बसली. हात मारले तर टोक बुडालं. लाट मागून आली आणि तिला उलटं करून गेली. घोट्याला बांधलेली दोरी एकीकडे ओढतेय, पाणी दुसरीकडे. वर कुठे, खाली कुठे, कळेना. नाकातोंडात वाळू. बाहेर आली तेव्हा चार पायांवर आली. किनाऱ्यावर बसून तिने अर्धा तास कुणाकडे बघितलं नाही.

घरी नवऱ्याने फळीवरची वाळू पुसली. "बस झालं आता. माळ्यावर टाक ती."

"अंगच असलं माझं," ती म्हणाली. "समुद्राला झेपत नाही."

एकवीस वर्षांत कुणापुढे न वाकलेली बाई हे बोलली. लेक दारात उभी होती.

"आई, दुकानात वजन किती सांगितलंस?"

तोफ फळीची दोरी गुंडाळू लागली.

"आई."

"पासष्ट."

"पासष्ट तू माझ्या जन्माआधी होतीस गं!"

नवरा हसला. तोफ हसली नाही. काट्यासाठी अख्खं काम थांबवणारी ती, आणि स्वतःच्या बाबतीत तोच लबाड काटा झाली होती. हे तिला रात्रभर टोचलं.

रविवारी दुपारी ती फळी घेऊन दुकानात गेली. गर्दी होती. मुलीने विचारलं, "काकू, काय झालं? ओरखडा पडला का?"

"ओरखडा नाही. वजन चुकीचं सांगितलं होतं. चौऱ्याऐंशी आहे."

आवाज तोच, जिन्यावरच्या माणसाला दचकवणारा. दुकानातली डोकी वळली. मग कोपऱ्यातला एक पोरगा फिस्सकन हसला आणि दोस्तांसोबत बाहेर पळाला. मुलीचा चेहरा लाल झाला. तिने मुकाट्याने नऊ फुटी लाल उचलून आणली.

तोफ ती डोक्यावर घेऊन थेट किनाऱ्यावर गेली. पण दुकानात हसलेला तो पोरगा तिच्या आधीच पाण्यात पोचला होता, दोस्तांसोबत. ती गुडघाभर पाण्यात थांबली. लाटा आल्या, गेल्या. ऊन उतरेपर्यंत थांबली आणि कोरडी फळी घेऊन परत आली. पुढच्या रविवारीही तेच झालं.

येत्या रविवारी ती पुन्हा येणार आहे. तुम्ही तिथे असाल तर एवढं करा: टाळ्या नकोत, धीर देणं नको, तिच्याकडे बघत उभं राहणं तर मुळीच नको. पाठ फिरवा आणि तिला सुखाने पडू द्या.