जिंकण्याला पाव वजन

हे मी स्वतःच सांगितलेलं बरं. नाहीतर सावंतकाका सांगतील, आणि ते तिखटमीठ लावून सांगतात.

तर मी अमेरिकेतून शिकून मस्कतला आईबाबांकडे परत आले, ती तिथल्या कॉलेजांच्या आइस हॉकीचं वेड घेऊनच. लोक पदवी घेऊन येतात, मी न्याय घेऊन आले होते! हसू नका. तिकडे अजिंक्यपदासाठी देशभरातल्या कॉलेजांचे सोळा संघ निवडतात. काही आपापल्या विभागात जिंकून येतात आणि बाकीचे चक्क गणिताने! तुम्ही किती जिंकलात, याला पाव वजन. ज्यांच्याशी खेळलात ते किती तगडे, याला पाऊण. वशिला शून्य!

आणि इकडे? मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाच्या क्रिकेट स्पर्धेत आठ संघ, प्रत्येकाचे चार सामने, आणि फायनलचे दोन संघ कमिटी समोसे खात ठरवायची. त्यात मदिनत सुलतान काबूस या बड्या वस्तीतल्या मॅनेजर लोकांचा संघ दरवर्षी असायचाच. मंडळाचे अध्यक्ष सावंतकाका त्यांचे ओपनर होते. योगायोग हो, दुसरं काय!

दरवर्षी बाहेर राहायचे ते बौशर भागातले एसी मेकॅनिक. त्यांचे कप्तान शौकतभाई, रत्नागिरीकडचे. बावीस वर्षं मस्कतमध्ये, फायनल एकही नाही. त्या वर्षी ते कायमचे गावी निघाले होते. विमानाचं तिकीट मुद्दाम फायनलनंतरचं काढलं होतं.

माझं रक्त उसळलं. मी थेट कमिटीपुढे जाऊन उभी राहिले.

"काका, निवड गणिताने झाली पाहिजे."

"कसलं गणित?"

"कॉलेज आइस हॉकीचं."

"अगं बाई, या वाळवंटात बर्फाचा खेळ?"

"खेळ नाही काका, न्याय!"

तासभर बोलले मी. फळ्यावर बाण काढले. वर एक अटही लिहून घेतली: निकाल कोणत्याही कारणाने बदलता येणार नाही. खाली माझी सही, काकांची सही. काकांनी लगेच केली, कारण समोसे गार होत होते.

पुढचे चार शुक्रवार शौकतभाईंचा संघ नुसता सुटला होता. चारपैकी चार! मॅनेजर लोक एक सामना हरले, सूर शहराच्या संघाकडून. तो संघही चारही जिंकला. म्हणजे फायनल कोणाची, हे शेंबडं पोरही सांगेल ना?

शेवटच्या सामन्यानंतर मी गाडीच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. भोवती ही गर्दी!

"बोल बाय, आमची फायनल किती वाजता?" शौकतभाई पॅड न सोडताच आले होते.

मी बटण दाबलं. पहिला नंबर सूर. दुसरा... मी पुन्हा दाबलं. गणित माझ्यासारखंच हट्टी. दुसरा नंबर मॅनेजर लोक!

झालं होतं असं, की शौकतभाईंनी हरवलेले चारही संघ इतके लेचेपेचे, की ते एकमेकांशिवाय कोणालाच हरवू शकले नव्हते. मॅनेजर मात्र तगड्यांशी खेळले होते. पाव आणि पाऊण, दुसरं काय!

काकांनी चष्मा लावून स्क्रीन पाहिली. "वा! इतकी वर्षं आम्ही हाताने करत होतो, तेच हिने मशीनवर करून दाखवलं!"

"काका, हे बरोबर नाही. बदलू या."

"छे छे! कोणत्याही कारणाने नाही. सही आहे तुझी. खलास!"

एसीवाले माझ्याकडे असे बघत होते, की मला त्या उन्हातही थंडी वाजली. शौकतभाई एका दगडावर बसून शांतपणे पॅड सोडत होते. मी जवळ गेले.

"शौकतभाई, खरंच सांगते, पद्धत चांगली आहे."

"असंल. तुझ्या कालेजाचा काय व्हायचा गो ह्यात?"

मी घसा खाकरला. "चार वर्षांत एकदाही आत गेलो नाही."

"जिंकत नव्हते?"

"जिंकायचे ना! खूप जिंकायचे. पण ज्यांना हरवायचे, ते जरा..."

"लेचेपेचे?"

"हो."

शौकतभाईंनी सोडलेलं पॅड बाजूला ठेवलं. मग आपल्या पोरांकडे वळून म्हणाले, "हिला कोणी काय बोलू नका रे. आधी गरम चाय द्या. चार वर्षं बर्फात बसून पोरीचा डोका गोठलाय."