हिच्यासमोर सांगा
रॉकेलचा वास आला की मला रिसालीच्या स्टील प्लांट कॉलनीतल्या आमच्या क्वार्टरचा व्हरांडा आठवतो. प्लांटमधले एक क्रेन ऑपरेटर प्रमोशनच्या इंटरव्ह्यूच्या तयारीसाठी माझ्याकडे शिकवणीला यायचे. शिफ्ट सुटली की रॉकेलने हात पुसायचे आणि मगच वहीला हात लावायचे. मी मात्र दोन महिने त्यांच्या चुकांखाली लाल पेन्सिल ओढण्यापलीकडे काही केलं नव्हतं. इंटरव्ह्यूच्या दुसऱ्या दिवशी ते आले आणि पायरीवरच बसले. "नाही झालं, बाई. एक सवाल आला नाही. साहेब म्हणे, अंदाजानं सांग. मी म्हटलं, अंदाजानं मी क्रेन चालवत नाही, खाली मानसं असतात." सवयीने मी पेन्सिल उचलली आणि परत ठेवली. मी म्हणाले, "प्रमोशन समोर असताना 'येत नाही' म्हणायला छाती लागते. तुमच्या क्रेनखाली माणसं बिनघोर काम करत असतील." ते चहा न पिताच गेले. मला वाटलं, दुखावले. रविवारी सकाळी बायकोला घेऊन दारात हजर. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलेलं. "बाई, त्या दिवशी मले जे म्हटलं ते हिच्यासमोर एकदा सांगून द्या. मी सांगतो तर हिले पटून नाही राह्यलं." मी सगळं पुन्हा सांगितलं. ती पदराआड हसली आणि ते तुळशीच्या कुंडीकडे बघत राहिले. लाल पेन्सिल माझ्या हातून आजही सुटलेली नाही. पण शिकायला आलेलं माणूस उठायच्या आधी त्याच्यातलं मला दिसलेलं चांगलं मी सांगते, आणि न्यायला घरचं कोणी आलं असेल तर जरा मोठ्यानेच.