पाठीतलं ढेकूळ
कुंडीची माती बदलताना सुकं ढेकूळ हाती लागलं आणि आमचं खोडाळ्याचं भाताचं शेत आठवलं. मला ऐकू येत नाही, म्हणून बाबा लांबूनच पाठीत ढेकूळ मारून मला बोलवायचे. मी काय बैल होते? शाळेतल्या समुपदेशक ताईंनी खुणांनी शिकवलं होतं, राग गिळायचा नाही, दाखवायचा. त्या वर्षीच्या कापणीत पाठीत ढेकूळ लागलं तसा मी विळा खाली ठेवला, तेच ढेकूळ नेऊन बाबांच्या हातात दिलं आणि स्वतःच्या खांद्यावर दोनदा थाप मारून दाखवली. “लय राग आला का गं?” त्यांचे ओठ हलले. मी जोरात मान डोलावली. दुपारी जेवायला बोलवायला ते अख्खा बांध चालत आले आणि खांद्याला हात लावला. आज ऑफिसात कुणी टेबल आपटून बोलावलं, तरी मी मान वर करत नाही. चालत या.