सतरा नंबरचा स्लॅब

मायाताई एका जागी दोन मिनिटं बसली तर चाळीत विचारतात, "बरं नाही का गं?" गॅस बंद केलाय का हे बघायला ती बसस्टॉपवरून परत येते. तिच्या या स्वभावाची सर्वांत जास्त टिंगल मीच केली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

लोअर परळला मिलचं गोदाम पाडलं, तेव्हा त्याच्या छताचे तयार स्लॅब क्रेनने अख्खे उतरवले. चाळीस वर्षांचे, पण ठणठणीत. तेच आमच्या चाळीच्या अभ्यासिकेवर चढवायचे ठरले. असल्या स्लॅबच्या सळया खालच्या अंगाला असतात. उलटा बसवला तर भार पेलत नाही. म्हणून स्लॅब जमिनीवर टेकला की लगेच माथ्यावर नंबर आणि 'वर' असं रंगवायचं, मगच उलटवून जुना गिलावा खरवडायचा. खरवडल्यावर दोन्ही अंगं सारखीच दिसतात. रंगाचा ब्रश मायाताईकडे होता. पंधरा वर्षं घमेली वाहिल्यावर मिळालेलं हे पहिलं मानाचं काम.

छत बसलं, खालून नवा रंग झाला. उद्घाटनाला चार दिवस राहिले आणि ताई मोबाईल घेऊन माझ्या दारात.

"भूषण, हा फोटो बघ."

बारावीचा निकाल लागला तेव्हा लेक ओवी पेढे घेऊन साइटवर आली होती, त्या दिवशीचा फोटो. मायलेकी हसताहेत.

"मागे कोपरा उडालेला स्लॅब दिसतो ना? तो सतरा. खरवडून झालाय. आणि माझ्या हातात ओला ब्रश आहे, तेव्हा सोळापर्यंतचेच नंबर झाले होते. म्हणजे नंबर अजून टाकायचाच होता. मग मी तो कुठल्या अंगावर टाकला?"

"आठव की."

"नाही रे आठवत. आनंदात होते."

मी कमिटीचा सेक्रेटरी. पत्रिका वाटून झालेल्या. चिडलो. "ताई, वैदेही मॅडमनी सही केलीय. इंजिनियर आहेत त्या."

"माझा नंबर बघूनच केलीय ना? खालून दोन इंच फोड. सळई लागली तर मी गप्प."

"नव्या रंगाला भोक पाडू? काहीतरी खुसपट काढू नकोस."

ती गेली, पण गप्प बसेल ती मायाताई कसली! संध्याकाळी थेट कमिटीच्या बैठकीत उभी राहिली. "ठीक आहे, फोडू नका. उद्घाटनाला तुमच्या खुर्च्या सतराखाली मांडा. पोरं पलीकडे बसवा."

मी सतरंजीचे धागे उपटत राहिलो. जिथे मी स्वतः बसायला तयार नव्हतो, तिथे चाळीची पोरं बसवायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली.

"सकाळी फोडू," मी म्हणालो.

सकाळी गवंड्याने छिन्नी लावली. एक इंच. दोन. तीन. सळई लागली नाही.

स्लॅबखाली टेकू लागले, उद्घाटन पुढे गेलं. वैदेही मॅडम धावत आल्या. "चूक माझी," म्हणत मायाताईने ब्रश त्यांच्यापुढे ठेवला. मॅडमनी वर भोकाकडे पाहिलं, मग ब्रश उचलून तिच्याच हातात दिला.

ताईला त्यानेही चैन पडेना. मान वर करून ती छताकडे बघत होती.

"भूषण, अठरा नंबर पेढे खाल्ल्यावर लगेच टाकला होता रे."

शिडी मीच सरकवली.