पाणी कसं हाय?

दुसरं महायुद्ध संपल्यानंतर एका संस्थानिकाने पाण्यावर उतरणारं लहानसं विमान घेतलं. चाकांच्या जागी दोन लांबट पोकळ तराफे. ते उडवायला शिकणारे आम्ही दोघं होतो. मी आष्ट्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, विमानदलात मेकॅनिक होतो. दुसरा माझा तिथलाच सोबती, सांगलीच्या घड्याळजीचा मुलगा. वैमानिक म्हणून एकालाच ठेवणार होते, हे आम्हाला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

माण तालुक्यातल्या एका तलावावर आम्ही शिकलो. या विमानाला ब्रेक नसतो. इंजिन सुरू झालं की ते चालू लागतं आणि वारा जिकडून येतो तिकडे त्याचं नाक वळतं. काठाला लागताना इंजिन बंद करून वाऱ्यावर मागे सरकत यायचं. पाण्यावरच्या लाटांवरून वारा ओळखायचा. महिनाभरात मला वरून पाण्याचा रंग बघून वाऱ्याचा जोर सांगता येऊ लागला. शिक्षकांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती : पाणी स्तब्ध असेल तर त्याच्याकडे बघून उतरू नका, उंची कळत नाही. काठ नजरेत धरा, नाक किंचित वर ठेवा आणि पाणी लागेपर्यंत सावकाश खाली येत राहा.

एके सकाळी शिक्षक साताऱ्याला गेले होते. लाटा असतील तरच उडा, असं सांगून गेले. आधी मी गेलो. वर असतानाच वारा पडला. मी तलावाच्या मधोमध उतरायला आलो. खाली स्तब्ध पाण्यात आभाळच दिसत होतं. अजून बरीच उंची आहे असं वाटत असतानाच विमान पाण्यावर आदळलं, उडालं आणि पुन्हा आदळलं. कसंबसं सावरून काठाला आलो.

सोबत्याने विचारलं, "पाणी कसं हाय रं?"

"झ्याक हाय," मी म्हणालो.

तो गेला. परत येताना त्यानेही मधलीच जागा धरली. विमानाचं नाक सरळ पाण्यात घुसलं आणि शेपूट वर राहिलं. तिथल्या भोयाकडे गूळ उकळायची जुनी काहील होती, तिच्यात बसून मी आणि भोई त्याच्याकडे गेलो. तो पंखाला धरून होता. त्याच्या गुडघ्याचा चेंदामेंदा झाला होता.

आठवड्याने सांगलीच्या दवाखान्यात मी त्याला सगळं सांगितलं.

"तू आदळलास ते मी काठावरनं बघितलं व्हतं," तो म्हणाला. "म्हणूनच इचारलं. तू झ्याक म्हणालास, तवा मला वाटलं, माझ्याच डोळ्यांची चूक झाली आसंल."

मला त्याच्याकडे बघवेना. त्याच्या आईने चहा आणला, तो मी घेतला. नको म्हणण्याइतकंही तोंड मला उरलं नव्हतं.

शिक्षकांनाही सांगितलं. ते रागावले नाहीत. सगळं वहीत लिहायला लावून त्याखाली माझी सही घेतली. विमान बुडालं होतं, तेव्हा निवड कुणाचीच झाली नाही.

पुढे मी दुसरीकडे चाकांची विमानं चालवली. उतरलो की मागून येणाऱ्याला वारा, धक्का, माझी चूक, सगळं न विचारता सांगायचो. काहीजण हसायचे. सोबत्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही, आणि विमान चालवायला त्याला कुणी घेतलं नाही.