बोरगाव मंजूची बाटली

अमरावती-अकोला बसमध्ये वलगावची ती फुलवाली रोज माझ्या शेजारी बसायची. नाव मी विचारलं नाही. गुदाशयाच्या कॅन्सरसाठी अकोल्यात ती किरणांचा शेक घेत होती. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं, म्हणून बोरगाव मंजू आलं की ती पाण्याची अख्खी बाटली संपवायची.

"मावशी, एवढं पाणी तं इंजिनलेबी लागत नाही," कंडक्टर म्हणायचा.

मी घरातला पहिला पदवीधर. माझं संशोधन तिला अभिमानानं सांगितलं : "प्रकाशाची बारीक सुई वस्तूला जवळजवळ टेकवतो, तेव्हा साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारं दिसतं. सुई हलली की चित्र बिघडतं."

"मंग आपलं सारखंच हाय, बापू. मी शेकाच्या टेबलावर हालली का माह्यंबी बिघडते."

एकदा बाटली संपली आणि बस पंक्चर झाली. तिच्या कपाळावर घाम आला. कंडक्टर हळूच म्हणाला, "मावशी, शेताकडं जाऊन या. आमी थांबतो."

"गेली तं पुन्हा पाणी प्या लागन, आन तवरोक माहा नंबर जाईन. एकबी शेक बुडवत नाही मी. तू चाक बसव."

अकोल्यात ती पळाली नाही. डोक्यावर भरली घागर असावी तशी सावकाश, ताठ चालत दवाखान्यात गेली.

सुई टेकवताना मी ती चाल आठवतो.